साडेचारची घंटा

हिंटरमोस,
सोमवार, २३ फेब्रुवारी २००४

प्रिय सेराफिन,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील, तुझी ती ब्रेगेन्झची बाईही खुशाल असेल. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी मेलेलं नाही. म्हणजे, आपलं कोणी मेलेलं नाही.

यंदा बर्फ उत्तम आहे आणि पाहुणे नेहमीसारखेच वाईट. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात मी स्की-लिफ्टच्या तिकीटखिडकीत बसते, लिफ्ट बंद व्हायची साडेचारची घंटाही मीच वाजवते, हे तुला कोणीतरी सांगितलं असेलच. एक लिफ्ट, दोन उतार, एक सूपची खोली. एवढ्याशा जागेत माणसं किती तक्रारी शोधतात! ग्रामसभेने पाहुण्यांसाठी अभिप्रायाची वही ठेवली आहे. एकाने लिहिलं, ‘लिफ्ट कुरकुरते.’ एका बाईने लिहिलं, ‘खिडकीतल्या म्हातारीला हसायला शिकवा.’ मी खाली लिहिलं, ‘आधी तुमच्या पोरांना रांगेत उभं राहायला शिकवा.’ सरपंच येऊन म्हणाला, “बुर्गल, वही पाहुण्यांसाठी आहे.” म्हटलं, “मग शाईही त्यांचीच आणायला सांग.”

आठ दिवसांपूर्वी, रविवारी पंधरा तारखेला, इथे एक अपघात झाला. वर्तमानपत्रातून तुझ्या कानावर येण्याआधी मीच कळवते. टिलमान नावाचा एक म्युनिककर लिफ्ट बंद झाल्यावर पायी उतार चढत होता. तू गेल्यानंतर आम्ही बर्फ सपाट करणारं मोठं यंत्र घेतलं. वरचा चढ फार उभा, म्हणून ते माथ्यावरच्या खांबाला पोलादी दोराने बांधून खाली सोडतात. तो दोर त्याला लागला. यंत्र तुझा कासियान चालवत होता. त्याचा दोष काडीचा नाही. साडेचारची घंटा झाली होती, साऱ्या गावाने ऐकली आहे. घंटेनंतर उतारावर पाय ठेवायचा नाही, हे इथल्या कुत्र्यांनाही कळतं.

कासियान बरा आहे. जेवतो.

तुझी थोरली बहीण,
बुर्गल


हिंटरमोस,
मंगळवार, ९ मार्च २००४

प्रिय सेराफिन,

आशीर्वाद. तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. ‘कासियानला माझी गरज आहे का?’ असं विचारतोस. अकरा वर्षांचं पोर माझ्या दारात सोडून गेलास तेव्हा हा प्रश्न सुचला असता, तर माझा पोस्टेजचा खर्च वाचला असता. असो. तू विचारलंस, तर सांगते.

मागच्या रविवारी त्या मेलेल्या माणसाचा भाऊ आला. रुप्रेख्त त्याचं नाव. प्रार्थना सुटायच्या वेळेला लिफ्टपाशी उभा राहिला आणि येईल त्याला विचारू लागला, “तुम्ही घंटा ऐकलीत? खरंच ऐकलीत?” हातात भावाचा फोटो. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. बेकरीवाला म्हणाला, “ऐकली. दहा वेळा सांगू?” पाद्रीबाबांची स्वयंपाकीण म्हणाली, “मी बटाटे सोलत होते, तेव्हाच झाली.” आपला म्हातारा विन्झेन्स, लिफ्टवर धरायचे दांडे पाहुण्यांच्या हातात देतो तो, म्हणाला, “या कानांनी ऐकली.” सेराफिन, त्या दिवशी साडेचार वाजता विन्झेन्स दहा मैलांवरच्या इस्पितळात मनगटाला प्लास्टर करून घेत होता.

रुप्रेख्तला ते ठाऊक होतं. तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही गावातच नव्हतात.”

एवढंच निमित्त झालं. “म्हाताऱ्याला खोटारडा म्हणतोस काय!” असं कोणीतरी ओरडलं. बेकरीवाल्याच्या जावयाने पहिला ठोसा मारला. मग सगळेच. प्रार्थनेचे कपडे घातलेली माणसं, सेराफिन, हातात प्रार्थनेची पुस्तकं! तो खाली पडला तशी त्याला लाथा बसू लागल्या. लिफ्टवरची पोरंही त्यात होती, आणि स्कीचे बूट लाकडासारखे कडक असतात. तो आवाज मला खिडकीत ऐकू येत होता. त्याचं नाक फुटलं, दोन दात बर्फावर पडले. “पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा राहा!” असं एकजण दर लाथेला म्हणत होता. मी खिडकीची फळी खाली ओढून घेतली.

फळीआडून मला कासियानचा आवाज आला. “सोडा त्याला! मी सांगतो ना, सोडा!” तो त्या माणसावर पालथा पडला होता. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. आपल्याच लोकांनी मोडल्या.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पोलिसांनी विचारलं तेव्हा साऱ्या गावात एकट्या कासियानने सांगितलं, “घंटा ऐकल्याचं मला आठवत नाही.” मी म्हटलं, तू यंत्रात बसला होतास, काचा बंद होत्या. तो म्हणाला, “रोज ऐकू येते की.”  गेल्या मंगळवारी मला न सांगता इन्सब्रुकला जाऊन कान तपासून आला. डॉक्टर म्हणाले, कान हरणासारखे आहेत. तेव्हापासून तो रात्र रात्र बसून असतो. काल मला म्हणाला, “आत्या, तू वाजवलीस म्हणजे वाजवलीसच. मग माझ्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय. आज एक ऐकू आलं नाही, उद्या आणखी काय येणार नाही?” आणि त्याने कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा नाही.

म्हणून लिहिते. हो, त्याला तुझी गरज आहे.

बुर्गल


हिंटरमोस,
सोमवार, २२ मार्च २००४

सेराफिन,

गुरुवारी सकाळी दहाला तालुक्याच्या न्यायालयात चौकशी आहे; समन्सवर बुर्गल नाही, वाल्बुर्गा असं माझं पूर्ण नाव आहे. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं, म्हणून एक्स्प्रेसने टाकते आहे. बसून वाच.

मी घंटा वाजवली नाही.

आपल्या वडिलांच्या वेळेपासूनचा नियम तुला ठाऊक आहे. खिडकीतल्या माणसाने साडेचारला दुर्बिणीने सगळा उतार बघायचा. शेवटचा माणूस खाली आला की घंटा. तेव्हा घंटा म्हणजे फक्त ‘घरी जा’. यंत्र आलं तेव्हापासून तिचा अर्थ ‘उतार मोकळा आहे’ असाही झाला. घंटा झाल्याशिवाय यंत्र हलवायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, उतारावर एक पाटी नाही. आम्हाला माहीत आहे ना, मग झालं.

त्या दिवशी दुपारी टिलमानशी माझं भांडण झालं होतं. तिसरा रविवार होता त्याचा. लिफ्ट नको, तिकीट नको, घसरू नये म्हणून स्कीला कातडी पट्टे लावून लिफ्टच्याच वाटेने चालत वर जायचा. विन्झेन्सने अडवलं. याने त्याला बाजूला ढकललं, म्हातारा बर्फावर आपटला आणि मनगट मोडलं. त्याला मुद्दाम पाडलं नसेल. पण मी ते बघायला थांबले नाही. फावडं घेऊन बाहेर गेले आणि त्याच्या खांद्यावर घातलं. पात्याच्या कडेने. जाकीट फाटलं, रक्त आलं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो खांदा धरून म्हणाला, “आजीबाई, हा डोंगर काय तुमच्या बापाचा आहे?”

होता, सेराफिन. आपल्याच बापाचा होता. तू तुझा वाटा ग्रामसभेला विकून गेलास, म्हणून मला माझाही द्यावा लागला. त्या माणसाला हे कुठून कळणार! पण जो घाव तुझ्यावर घालायचा राहिला होता, तो मी त्याच्यावर घातला.

साडेचारला मी दुर्बीण लावली. तो पुन्हा चढत होता, उंचवट्याच्या खाली, एकटा. मला खिजवायलाच चढत असणार. मी घंटेच्या दोरीला हात लावला नाही. इथवर माझं काही चुकलं नाही. मग वर इंजिन सुरू झालं. कासियानने घड्याळ बघितलं असणार. तीन हिवाळे रोज साडेचारला घंटा होत आली. त्याच्या हातापायांनी ती त्या दिवशीही ऐकली, तशी साऱ्या गावाने ऐकली. यात कोणी खोटं बोलत नाही, विन्झेन्ससुद्धा नाही. खोटं मी एकटीच बोलले.

उंचवट्यामुळे कासियानला खालचं दिसत नाही. मला दोघेही दिसत होते. माझ्यासमोर वायरलेस होता. एक बटण दाबायचं आणि म्हणायचं, ‘थांब.’ मी तो उचलला. हातात धरला. आणि म्हटलं, घाबरू दे जरा. दोर समोरून सळसळत गेला की कळेल त्याला, डोंगर कोणाच्या बापाचा ते.

दोर बर्फाखाली सैल पडलेला असतो. यंत्र वळलं की ताणला जातो आणि बर्फ फोडून वर येतो, कोयत्यासारखा आडवा फिरत. त्याला तो हनुवटीखाली लागला. दुर्बिणीतून आवाज येत नाही. मी पाहिलं ते लिहीत नाही. एवढंच लिहिते की उतारावर जे पडलं ते एका ठिकाणी पडलं नाही.

पोलीस आला तो शेजारच्या आग्नेसचा मुलगा. त्यानेच विचारलं, “घंटा झाली होती ना, मावशी?” तोंडात आयता घास दिला त्याने. मी म्हटलं, “झाली.” वाटलं, कासियानला वाचवते आहे. इतके दिवस स्वतःला हेच सांगत राहिले. नन्सच्या शाळेत सिस्टर गुडुला खोट्याला पट्टीने बोटं फोडायची. खोटं बोलून वर त्याला माया म्हणणाऱ्याला ती काय करायची, ते आठवत नाही. आमच्या वर्गात तेवढं धाडस कोणाचं नव्हतं.

आज सकाळी कासियानला सगळं सांगितलं. वायरलेसचंही. तो उठला. त्याने मूठ उगारली. मी डोळे मिटले नाहीत, मारलं असतं तर घेतलं असतं. मूठ माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या खिडकीची काच फुटली. हात कोपरापर्यंत रक्ताने भरला. मी फडकं घेऊन पुढे झाले तर ओरडला, “हात लावू नकोस!” मग तसाच जमिनीवर बसला आणि हसायला लागला, हसता हसता रडायला लागला.

“म्हणजे माझे कान ठीक होते,” म्हणाला. “आत्या, माझं डोकं ठीक होतं.”

हात त्याने स्वतःच बांधला. मग म्हणाला, “घंटेशिवाय यंत्र मी हलवलं. ते मी सांगणार. तुझं तू सांग.” म्हणजे त्याला शिक्षा होईल. माझ्या खोट्याने तो सुटत होता, माझ्या खऱ्याने अडकेल. मी वकिलाचं नाव काढलं, ते त्याने उडवून लावलं.

रुप्रेख्त येणार आहे. त्यांची आईही. तिच्या तोंडावर मला सांगायचं आहे की तुमचा एक मुलगा मूर्ख नव्हता आणि दुसरा खोटारडा नव्हता. घंटा झालीच नव्हती. मी टिलमानला बघत होते. गावातून कोणी आमच्याबरोबर येणार नाही. बेकरीवाल्याने आजपासून पाव देणं बंद केलं आहे, कारण कासियानने त्याला जाऊन सांगितलं की तू काहीही ऐकलं नाहीस.

गुरुवारी पहाटेची गाडी पकडलीस तर दहापर्यंत पोचशील. आलास तर माझ्याशी बोलायची गरज नाही. मुलाशेजारी बस. त्याचा उजवा हात बांधलेला आहे, म्हणून डाव्या बाजूला बस, म्हणजे त्याला हात धरता येईल.

वाल्बुर्गा