घरबसल्या न होणारा विषय

लाईल,

दुपारनंतर खिंडीत बर्फ पडणार म्हणतायत, म्हणून तू रेल्वेच्या ड्युटीवरून यायच्या आतच निघतेय. गॅसवर हरणाच्या मटणाचा रस्सा आहे. कुत्र्याला घालू नकोस, त्याचं पोट अजून बिघडलेलंच आहे.

काल म्हणालास, "आणखी एखादा जवळचा विषय घे की!" आणि तोंड फिरवून झोपलास. अरे, जवळचे संपले. मेडिकलला अर्ज करण्याआधी लागणारं जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र गावातल्या कॉलेजात झालं, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र या स्वयंपाकघरात बसून झालं. तुला सोडून जावं लागणार नाही असाच विषय मी दर वेळी शोधून काढला. आता सेंद्रिय रसायनशास्त्र तेवढं राहिलंय. ते प्रयोगशाळेत उभं राहूनच करावं लागतं आणि ती प्रयोगशाळा खिंडीपलीकडे मिझूला शहरात आहे. मे महिन्यापर्यंत मावशीकडे राहीन. रस्ता मोकळा असेल त्या शनिवारी येईन.

प्रश्नांची कार्डं मुद्दामच नेली नाहीत, फ्रिजवर ठेवलीत. रोज जेवण झालं की फोन लाव, तो खिडकीत ठेव आणि नेहमीसारखं भांडी घासता घासता मला एकेक प्रश्न विचार. माझं चुकलं की खुशाल हस. अजून रागात असलास तर प्रश्न नको विचारूस, पण फोन लाव.

आणि भांडी जरा आपटत घास. मला ऐकू येऊ देत.

कोरिन