पडद्यामागचा परदेश

तेवढ्यात खोकणारा माणूस आला आणि आमचं विमान सुटलं. त्याच्यासाठीच थांबलो होतो. जेवणघरातल्या तीन खुर्च्या ओळीने मांडलेल्या. मी खिडकीशी, ही मधे, तो कडेला. पोटाला पट्टे (माझा पँटचा, हिचा म्हणजे पडद्याची दोरी). बसल्यावर त्याने हळूच विचारलं, "सुरुवातीपासून खोकू, की विमान वर गेल्यावर?" ही म्हणाली, "तुम्हाला आतून येईल तसं."

दादा, या गडबडीत नमस्कार मागे राहिला. तो इथे करतो. वाकून केला आहे असं समजून घ्या. वहिनींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का? तुमच्या कानातलं यंत्र मधेच शीळ घालायचं, ते गप्प झालं का? आम्ही ठणठणीत आहोत. इतके ठणठणीत असूनही सोमवारपासून तुमच्या वडिलांनी आम्हाला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं आहे. आज बुधवार. शुक्रवारी आमचं खरं विमान आहे. म्हणून हे पत्र.

तुमच्या बहिणीने शाळेच्या भिंतीवर हिमनगाचं चित्र पाहिलं आणि तेव्हापासून तिला तो खरा पाहायचा आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको (लहानपणी, तुम्ही थोरले असूनही, तुम्हाला टबात बसवून अंगावर बर्फाचा खडा सोडायची ती, तुम्ही जहाज होतात). आयुष्यभर काही ना काही आडवं येत गेलं. या वर्षी एकदाची तिकिटं काढली आणि तिकडे साथ सुरू झाली. आधी बातमी वर्तमानपत्रात खाली कोपऱ्यात होती, मग वर आली, मग पानभर झाली. मग आम्ही वर्तमानपत्र बंद केलं. ही म्हणाली, "तुम्हाला भीती वाटत असेल तर सांगा, आपण जायला नको." मी म्हणालो, "मला कसली भीती? तुला वाटत असेल तर तू सांग." ताटातला शेवटचा घास एकमेकांना पुढे करावा, तशी आम्ही ती भीती आठवडाभर एकमेकांना पुढे करत होतो. कोणी घेतली नाही.

कारण तुमचं घराणं. बेत मोडणाऱ्याला तुमच्याकडे जन्मात विसरत नाहीत. ढग पाहून एक सहल रद्द केली म्हणून तुमची मावशी छत्रीमावशी झाली. त्या दिवशी पाऊस पडला नाही, हा तिचा गुन्हा. तिच्या लग्नात, तिच्या साठीला, परवा ती दवाखान्यातून घरी आली तेव्हासुद्धा, कोणी ना कोणी खिडकीतून आभाळाकडे बघून तिला विचारलंच, "काय मावशी, निघायचं का?" मी जावई. माझं काय होईल याची कल्पना करा.

तेव्हा हिने ठरवलं की तालीम घ्यायची. कारखान्यात ही सुरक्षा अधिकारी. आग लागायच्या आधी माणसं पळवून बघणं हे हिचं काम, आणि तालमीशिवाय ही घरात गादीसुद्धा हलवू देत नाही. प्रवासात तोंडाला हात न लावता बसता येतं का ते बघायचं, येत असेल तर जायचं. खोकायला वरच्या मजल्यावरचे गायनमास्तर बोलावले. गुळण्या करून गळा मोकळा करण्यात त्यांना उशीर झाला. पण माणूस मन लावून खोकला, दादा. आधी खालच्या सुरात, सावकाश; मग चढत चढत असा वर गेला की कपाटातले पेले वाजले. मधे घोटभर पाणी पिऊन म्हणाला, "आज लागलाय चांगला." माझं नाक विमान सुटल्या सुटल्या खाजायला लागलं. मी हात मांडीखाली दाबून बसलो. ही डोळे मिटून बसली होती, आणि तिचे ओठ हलत होते.

इथपर्यंत सगळं रीतसर. चूक एकच झाली. तिकडच्या विमानतळावरचा तपासनीस म्हणून, आणि तालमीचा प्रमुख म्हणूनही, आम्ही बाबांना बसवलं. ज्या माणसाने नोकरीभर कारखान्याचं फाटक सांभाळलं, ज्याने पास नाही म्हणून खुद्द मालकाला उन्हात उभं केलं (मालकाचा फोटो डोक्यावर टांगलेला असताना), त्याला आम्ही हौसेने टेबल दिलं. इस्त्रीचं होतं. त्यामागे ते उभे राहिले आणि एकदम पूर्वीसारखे ताठ झाले.

"कुठून आलात?"

"बाबा, जेवणघरातून," ही म्हणाली.

"नाती लावायची नाहीत. कुठून आलात? शेजारी कोणी खोकत होतं?"

ही तालमीत खोटं बोलत नाही. म्हणाली, "हो. पुष्कळ."

झालं. मागची खोली. मास्तर इथलेच रहिवासी म्हणून सुटले. दुसऱ्या दिवशी परत बोलावणं आलं नाही म्हणून ते जरा नाराज आहेत असं कळतं.

मागच्या खोलीला दार नाही, दादा, पडदा आहे. तोही एका बाजूने तोकडा, त्याची दोरी हिच्या पोटाला होती. पडदा सारला की आम्ही बाहेर. पण प्रमुखाने "तालीम संपली" असं म्हटल्याशिवाय तालीम संपत नाही, हा हिचा स्वतःचा नियम. मी म्हटलं, "अगं, आपल्याच घरात आहोत." ही म्हणाली, "आणि उद्या खरी आग लागली तर माझं कोण ऐकेल?" बाबा बागकामाचे हातमोजे घालून स्टुलावर ताटं ठेवतात, चार पावलं मागे जातात आणि म्हणतात, "उचला." मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अडकलेले लोक आतून मला शिव्या देतात त्या पाठ आहेत. शिव्या संपल्यावर ते काय करतात ते आता कळलं. काही करत नाहीत. बसतात. ही पंखा पुरा सोडून, शाल गुंडाळून, प्रवासाच्या पुस्तिकेतला हिमनग बघत बसते.

तेव्हा विनंती अशी की बाबांना फोन करून ते दोन शब्द बोलायला लावा. शुक्रवार जवळ आला. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
पडद्यामागचा मेव्हणा

ता. क. फोनची घाई नको. शनिवारी केलात तरी चालेल.

ता. क. दुसरा. दुपारी हिचा डोळा लागला होता तेव्हा बाबांनी पडद्याबाहेरून कुजबुजत विचारलं, "जावईबापू, म्हणू का संपली?" मी म्हणालो, "नको, राहू द्या." तर म्हणाले, "बरं. सकाळी तुम्ही आतल्या मोरीत अंघोळीला गेलात तेव्हा तीही हेच म्हणाली." मग म्हणाले, "मलाही तुम्ही गेलेलं नकोच आहे."

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र हेच. हा बेत तुम्ही मोडा. थोरला भाऊ म्हणून कडक शब्दांत मनाई करा आणि नाव स्वतःवर घ्या. तुम्ही लांब राहता. टोमणे तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत बोथट होतील. हिला मात्र यातलं काही कळू देऊ नका.

गुरुवार सकाळ. पत्र टाकायचं राहिलं. ही उठली, वेणी घातली, पडदा सारला आणि सरळ फोनपाशी गेली. एजंटला म्हणाली, "शुक्रवारची दोन तिकिटं रद्द करा. नाही, आजारी कोणी नाही. भीती वाटते. हो, मलाच." बाबांनी इस्त्रीचं टेबल मिटून भिंतीला लावलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "कसा झाला प्रवास?" ही म्हणाली, "थंडी फार होती." मग डबा घेऊन कामावर गेली.