तळ्यावर तुझा शब्द

बल्लारपूर,
दिवाळीनंतरचा सोमवार, १९८६

प्रिय रुखमा,

लटारू गावाहून परतला आणि पाय धुवायच्या आधीच तुझं पुराण सांगत बसला. "वहिनीनं हो म्हटल्याबिगर डोंगा पाण्यात जात नाई आता." खोलीतली माणसं हसली, मीही हसलो, पण भाकर तशीच ठेवून उठलो. त्या तळ्यात मी पोहायला शिकलो, जाळं फेकायला शिकलो. तू लग्न होऊन आलीस तेव्हा गुडघाभर पाण्याला भीत होतीस. आज तिथे तुझा शब्द चालतो आणि मी इथे कारखान्यात कागदाच्या लगद्यापाशी उभा असतो. खोटं कशाला लिहू, मला तुझा हेवा वाटतो.

ठेकेदार बोटाएवढ्या पिलांसकट, बोटुकलीसकट तळं खरवडून न्यायचा आणि आपण त्याच्याकडे मजुरीनं राबायचो, म्हणून तर मी गाव सोडलं. आणि मी सोडल्यावर तळं आपल्या ढिवरांच्या सोसायटीला मिळालं! वर मत्स्य खातं म्हणालं, तळं कधी बंद ठेवायचं, जाळं कोणतं चालायचं, हे तुम्ही-आम्ही बसून ठरवू. त्या समितीत बाजारात मासळी विकणारी एक बाई हवी होती, ती तू झालीस. मी गावात असतो तर ती जागा माझी असती, असं मी इथे सगळ्यांना सांगतो. खरं तर मला कोणी विचारलंही नसतं.

आणि ते मत्स्य खात्याचे साहेब! तुला रुखमाबाई म्हणतात, तुमचं मत काय, असं विचारतात, जीपमधून सिंदेवाहीला बैठकीला नेतात. सोबत सोसायटीचे अध्यक्ष सोमाजीभाऊ होते, हे लटारूनं अगदी शेवटी सांगितलं, तोवर माझं रक्त आटलं होतं. मी तुला कधी मत विचारलं, ते आठवून पाहिलं. आठवलं नाही. त्यानं साहेबावरचा राग कमी झाला नाही, वाढलाच.

श्रावणातलंही कळलं. तळं बंद असताना बाबांनी बारीक डोळ्याचं जाळं टाकलं आणि तू सगळ्यांदेखत सासऱ्याच्या हातून ते काढून घेतलंस. पदर सावरत म्हणालीस म्हणे, "बाबा, साहेबाचा नियम असता तं मी डोळे झाकले असते. हा आपणच केला." हे मला खुद्द बाबांनी सांगितलं. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा जरा वेगळ्या आवाजात. लेकाच्या अंगात नाही ते सुनेच्या अंगात निघालं, असं काहीसं मला त्यात ऐकू आलं. तेही झोंबलं.

हो, बाबा इथेच आहेत. भंडाऱ्याला आत्याकडे जातो असं तुला सांगून निघाले, ते थेट माझ्याकडे आले. ओल्या पोत्यात गुंडाळून एक हातभर कतला मासा आणला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवला, "आमच्या तळ्यातला होय. ठेकेदाराच्या राज्यात असा पाह्यला होता का कोनी?" आणि जेवताना म्हणाले, सुनेनं अब्रू घालवली.

समितीची निवड पुन्हा आली आहे ना? त्यासाठीच ते आले. "तिले लिह, नाव मागं घे म्हनाव. नवऱ्याचा हुकूम आहे." आत्ता माझ्यासमोर बसून मी लिहितो ते पाहताहेत. पेन हातात घेतलं तेव्हा मलाही तेच लिहायचं होतं, आणि ती ओळ मी लिहिलीही. मग तू घरी बसलेली, साहेबाची जीप दाराशी न थांबता पुढे गेलेली, असं मनात आणलं. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की माझीच लाज वाटली, आणि तो कागद मी फाडला. बाबांना वाचता येत नाही. "लिहलं का?" विचारलं, मी "लिहलं" म्हणालो. तुला जरब बसावी म्हणून त्यांनी खाली आपला अंगठाही उठवला आहे. अंगठा त्यांचा, मजकूर माझा. रुखमा, नाव मागे घेऊ नकोस. जळायचं ते मी इथे जळेन.

तुझाच,
मुखरू