येग्वानने माझी नोंद केली नाही

मंगळवार, ६ मे. संध्याकाळी ७ वाजून ४ मिनिटे.

अन्याय नेमका या मिनिटाला झाला, म्हणून वेळ आधी लिहिली. फॅरो बेटांवरचा येग्वान रेडिओवरून म्हणाला, "कॉन्सेप्टा, तुमची नोंद केली बरं का." मीही लगेच त्याची, वेळेसकट, कॉम्प्युटरवर ऑनलाइन लॉगमध्ये केली. दोघांच्या नोंदी जुळल्या की नावापुढे हिरवी खूण येते. नऊपर्यंत बसले. खूण नाही. म्हणजे नोंद तोंडाने केली, हाताने नाही.

वीस वर्षे हा माणूस दर मंगळवारी सातला माझ्या नवऱ्याशी, फिंटनशी, बोलायचा. फिंटन नोव्हेंबरात गेला. मी परीक्षा दिली, हौशी रेडिओचे लायसन्स काढले, एप्रिलपासून त्याच खुर्चीत बसते. फिंटनच्या लॉगमध्ये येग्वान पानोपानी हिरवा आहे. माझ्या लॉगमध्ये एकदाही नाही. बोलतो गोड, पण मला त्याने फिंटनच्या जागी धरलेले नाही, हे उघड आहे.

संकल्प: पुराव्याशिवाय कोणावर संशय घ्यायचा नाही.

बुधवार, ७ मे

पुरावा मिळाला. एप्रिलपासून एकूण एकेचाळीस नोंदी. पोर्तुगाल, फिनलंड, एक इटालियन पाद्री. जुळलेल्या: शून्य. पाद्रीसुद्धा! इतकी माणसे एकाच वेळी विसरत नाहीत. यामागे कोणीतरी आहे.

लॉग लावून दिला मॅलकी गॉहनने. रेडिओ क्लबचा सेक्रेटरी. पासवर्डही त्यानेच टाकला. फिंटनच्या मातीला आला होता, तेव्हा एका हातात हॅम सँडविच आणि दोन्ही डोळे रेडिओवर. विसरलेले नाही.

शनिवार, १० मे

पासवर्ड बदलला. दुपारी खबरदारी म्हणून पुन्हा बदलला. आता लॉग मलाच आत घेत नाही. मॅलकीला फोन करावा लागला. म्हणाला, "मिसेस लाव्हेल, चोर बाहेर ठेवायचा असतो हो, घरमालकीण नाही." हसला. निर्दोष माणूस इतक्या पटकन हसत नाही.

बुधवार, १४ मे

काल येग्वान नेहमीसारखाच गोड. मेंढ्या व्याल्या, पाऊस आहे, "तुमची नोंद केली." खूण नाही.

लॉगवाल्यांना तक्रार केली होती, त्यांचे उत्तर आले. तीन ओळी. "आपण वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिता ना, कृपया पाहावे."

मला! चौतीस वर्षे मी बेलमलेटच्या पोस्टात शिक्के मारले. एका पत्रावर वेळ चुकली असेल तर दाखवा. जागतिक वेळ म्हणजे ग्रिनिचची, आणि आमची घड्याळे ग्रिनिचशी जुळतात, हे शाळेत सिस्टर गॉबनेटने नकाशावर काठी आपटून शिकवले आहे. शिवाय हा प्रश्न लायसन्सच्या परीक्षेत होता आणि माझे उत्तर बरोबर होते. एकदा बरोबर दिलेले उत्तर पुन्हा पुन्हा का तपासायचे?

बिनचूक घड्याळाचा विषय निघालाच आहे तर लिहून ठेवते. रेडिओच्या वर, भिंतीवर टांगलेले घड्याळ. मार्चअखेरीस उन्हाळ्यासाठी सारा देश घड्याळे तासभर पुढे करतो. फिंटनने हे एक कधी केले नाही. खाली चिठ्ठी चिकटवलेली: 'हात लावू नये.' आळसालाही पाटी लावणारा माणूस. खुर्चीत बसले त्या दिवशी पहिले काम केले ते घड्याळ पुढे करण्याचे.

मंगळवार, २० मे. सायंकाळी ७.२०

आज स्पष्ट बोलले. म्हटले, तुम्ही दर आठवड्याला खोटे सांगता. फिंटनची नोंद करायला हात चालत होता, त्याच्या बायकोची करताना जड होतो. मॅलकीशी संगनमत असेल तर तेही कळू द्या.

 तो म्हणाला, "माझ्या वहीत तुम्ही आहात, कॉन्सेप्टा." मी स्विच बंद केला. नोंद मात्र नियमाने केली. शेवटचा शब्द माझाच राहिला.

झोपेपर्यंत समाधान वाटत होते.

मंगळवार, २७ मे

सातला बसले. सव्वासात. साडेसात. फ्रीक्वेन्सीवर कोणीही नाही. सगळे उघडे पडल्यावर गुन्हेगार गप्प बसतो, हे ठाऊकच आहे. पावणेआठला मी हाका मारल्या. फक्त चार वेळा. खरे तर नऊ वेळा.

अँटेना तुटली असणार. मॅलकीला निरोप. संशयिताला घरात घेणे धोक्याचे, पण शिडी त्याच्याकडेच आहे.

शुक्रवार, ३० मे

मॅलकी शिडी घेऊन आला, वर चढला, खाली उतरला. अँटेनाला काही झालेले नाही म्हणाला. चहा घेताना त्याची नजर भिंतीवर गेली आणि कप तोंडाशीच थांबला.

"मिसेस लाव्हेल, याला हात कोणी लावला?"

मी लावला, म्हटले. एक तास मागे होते.

"अहो, मागे नव्हतं. जगभर नोंद ज्या वेळेने करतात ती वेळ होती. ग्रिनिचवालेसुद्धा उन्हाळ्यात ती सोडतात, आपणही सोडतो. फिंटनचं घड्याळ सोडत नव्हतं. त्या वेळेने कोणी तुमच्याशी सहाला बोललं, की तुम्ही लिहिलंत सात. जुळणार कसं?"

मी म्हटले, हे चिठ्ठीवर लिहायला काय झाले होते?

"लिहिलंय की," तो म्हणाला. "हात लावू नये."

सँडविच दिले. हॅमचे. दोन.

रविवार, १ जून

चूक माझी नाही, उन्हाळ्याची आहे. तरी आता त्रेचाळीस झालेल्या नोंदी एकेक तास मागे घेतल्या. चहा होईपर्यंत अडतीस हिरव्या. पाद्री आला. फिनलंड आला.

येग्वानच्या आठही नोंदी. एप्रिलपासूनचा प्रत्येक मंगळवार, ज्या संध्याकाळी बोललो त्याच संध्याकाळी त्याने चढवलेला. वीस मेसुद्धा. मी त्याला खोटारडा म्हटले, स्विच बंद केला, आणि त्यानंतर बसून त्याने माझी नोंद केली.

घड्याळ मागे केले. चिठ्ठीचे एक टोक सुटले होते, ते चिकटवले.

येग्वानला ईमेल केली. 'माफ करा' लिहायचे नाही असे ठरवले होते. दोनदा आले, राहू दिले. बाकी मजकूर असा: येत्या मंगळवारी आपण फ्रीक्वेन्सीवर येणार किंवा कसे, याचे लेखी उत्तर सोमवार, २ जून, सायंकाळी सहाच्या आत मिळावे. सहा म्हणजे फिंटनच्या घड्याळाचे सहा.