दबोराच्या उरलेल्या गोळ्या

घरी फोन केला की दबोराच उचलती. शेजारीण हाय का मालकीण? म्हणून लिहितीय.

स्वराजच्या आजोबांस, पुण्याच्या दवाखान्यातनं सारजाचा नमस्कार. मी बरी हाय, दोन घास जेवती. गाय व्याली का?

दबोराचा टीबी साध्या गोळ्यांनी गेला, माझा न्हाई. डॉक्टर म्हणतात, माझ्या जंतूंचं जनुकच पालटलंय. कांद्याचं बियाणं पालटावं तसं. त्यांना त्या गोळ्या लागू पडत न्हाईत.

आन् परवा भेटाया आलेली नात सांगती, तुम्ही खोकताय आन् दबोराच्या उरलेल्या गोळ्या खाताय. लई गोड लागल्या व्हय? अवो, जन्मभर माझ्याशेजारी निजलात, खोकला माझाच असणार. तिच्या गोळ्यांनी जायाचा न्हाई. उद्याच शिरूरला जाऊन थुंकी तपासा.

उत्तर तुम्हीच लिहायचं. तिच्या अक्षरात आलं तर वाचणार न्हाई.