बत्तीस जीबीतले हरवलेले दोन

मी, पडदे शिवणारी बाई, वय चोपन्न, शाळा चौथीपर्यंत, डोकं शाबूत. येत्या सोमवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. म्हणून कोणाच्याही दबावाखाली न येता (माझ्यावर दबाव आणायची टाप आहे कोणाची?) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. तीन वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र याने रद्द. वकील म्हणाले, कारण लिहायची गरज नाही. मला आहे.

१. जुन्या मृत्युपत्रात लिहिलं होतं की समोरच्या मोबाईलवाल्याच्या मुलाशी लग्न केलं तर माझ्या मुलीला घरही नाही, दुकानही नाही. ती अट काढली.

२. अट का घातली ते सांगते. नऊ वर्षांपूर्वी त्या मोबाईलवाल्याकडून बत्तीस जीबीचं कार्ड घेतलं. फोनमध्ये घातलं तर फोन म्हणतो एकोणतीस पूर्णांक आठ. मी विचारलं, "वरचे दोन कुठे गेले?" तर म्हणे, "ताई, सगळ्या कार्डांचं असंच असतं." चोर कधी कबूल होतो का? त्याच महिन्यात आमचे हे दवाखान्यात होते. यांना मनातलं बोलायचं होतं, म्हणून फोन रेकॉर्डिंगला लावून उशाशी ठेवला आणि औषधं आणायला गेले. परत आले तोवर हे गेले होते. फोनमध्ये अकरा मिनिटं आहेत. शेवटी म्हणतात, "आणि पोरीचं एक राहिलंच, तिला त्या..." आणि तिथेच जागा संपली. ते वाक्य मी माझ्या कात्रीने पुरं केलं : तिला त्या चोराच्या घरी देऊ नकोस.

३. मागच्या महिन्यात मुलीने कार्ड कॉम्प्युटरला लावलं. म्हणाली, "आई, कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, फोन एक हजार चोवीसच्या. माल तेवढाच."
"एका मालाला दोन मापं? मग चोरीच ती."
तिने खिळ्यावरचा आपला जुना टेप काढला. ओढून ओढून सैल पडलेला. "बाबांनी याने खिडकी मोजली, तू नव्या टेपने कापड कापलंस. पडदा चार बोटं आखूड झाला. तेव्हा कापड कोणी चोरलं होतं गं?"
"जास्त शहाणपणा नको. जागा कोणी खाल्ली ते बघ."
बघितलं. मीच खाल्ली. त्याच्या आधी कधीतरी बाजारात जाताना फोनचा कॅमेरा चालू राहिला होता. भाजीच्या पिशवीच्या आतला अर्ध्या तासाचा व्हिडिओ, नुसता काळोख, चार जीबी! बोलणं मिनिटाला एक एमबी घेतं. तेवढ्यात यांचे अडुसष्ट तास मावले असते. जन्मात हे एवढे बोलले नसतील. मी बोलू दिलं तर ना.

४. घर, दुकान, दोन्ही मशीन आणि नवा टेप मुलीला. लग्न कोणाशीही कर, पण कर. एकतीस वर्षांची घोडी झालीस.

५. माझ्या दिराने "वहिनी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणत एक टीबीची हार्डडिस्क माझ्या गळ्यात मारली होती. ती त्याला परत. एक टीबी म्हणजे हजारभर जीबी. रिकामी आहे. त्याच्या बढाया कशाबशा मावतील.

६. कार्ड मुलीला. पिशवीचा व्हिडिओ पुसून टाक म्हटलं तर ऐकेना. म्हणे, "त्यात तू भाजीवाल्याशी भांडतेयस. राहू दे तो आवाज." राहू दे मग. पण ऑपरेशन होईपर्यंत ऐकायचा नाही. जिवंत माणसाचा आवाज असा ऐकत बसू नये.

७. मोबाईलवाला. नऊ वर्षं त्याला मी भर रस्त्यात "ओ दोन जीबी" अशी हाक मारली. त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही, त्याचाच मला जास्त राग येई. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून त्यालाच साक्षीदार केलंय. काही द्यायला नको. फक्त सही करण्याआधी सगळं वाचायचं, एक अक्षर गाळायचं नाही, ही माझी अट आहे. त्यात काय समजायचं ते समज म्हणावं. तोंडाने मी बोलणार नाही.

ठिकाण : दुकानातलं कापायचं टेबल
दिनांक : ४ जून, दुपारी
सही : (माझी)

साक्षीदार पहिला : शेजारचा इस्त्रीवाला. घाईत आहे, न वाचता सही.
साक्षीदार दुसरा : समोरचा मोबाईलवाला. वाचलं. दोनदा वाचलं. ताई, सोमवारी दवाखान्यात गाडी घेऊन माझा मुलगा येईल.