बबनमामांच्या यार्डातली लाल रेघ

प्रिय मामा,

उद्या सकाळी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हाताच्या नसांचं जाळं शिकवायचं आहे. तुम्ही गेल्यापासून हा धडा मी ढकलतेच आहे. आधी पायाच्या नसा घेतल्या, मग पाठीच्या, मग मुलांना उगाचच एक चाचणी दिली. आता ढकलायला काही उरलं नाही. म्हणून आज दुपारी शिरूरचा दवाखाना बंद ठेवला आणि तुम्ही काढून दिलेलं चित्र शोधायला बसले.

सापडलं. लगेच सापडलं. आणि मामा, तो कागद मी आज पहिल्यांदा उलटून पाहिला.

मागे काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, अक्षर तुमचंच आहे. मला मात्र तिथवर यायला जरा वेळ लागेल. दवाखान्यात सगळ्यांना "घाई करा" म्हणणारी तुमची भाची आज स्वतःच टाळाटाळ करतेय, तेवढं चालवून घ्या.

आठवतं का, मी पहिल्याच वर्षी शरीररचनेत नापास झाले होते? इनामगावहून रोज पुण्याला जाणं जमणार नव्हतं, म्हणून आईनं मला दौंडला तुमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ठेवलं होतं. सकाळच्या गाडीनं कॉलेज, संध्याकाळच्या गाडीनं परत. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, खांद्यातून हातात जाणाऱ्या नसा सांग. मी पहिली तीन नावं सांगितली आणि पुढं ठप्प! घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी तीच नावं घोकत होते आणि रडत होते. तुम्ही ड्युटीवरून आलात, डबा ठेवलात आणि पुस्तक हातात घेतलंत.

"ही काय पाठ करायची गोष्ट हाय व्हय?" तुम्ही म्हणालात. "ही काढायची गोष्ट हाय. आगं, हे तर आमचं यार्ड हाय!"

मामींनी नुकतीच फरशी पुसली होती. तुम्ही खडू घेतलात आणि गुडघ्यावर बसून ओल्या फरशीवरच रेघा ओढायला लागलात. मामी लाटणं घेऊन धावल्या. तुम्ही वरही पाहिलं नाहीत.

"मानंतनं पाच लाइनी येत्यात. वरच्या दोन मिळाल्या, एक झाली. मधली एकटीच सरळ. खालच्या दोन मिळाल्या, एक झाली. किती झाल्या? तीन. आता परत्येकीला एक पॉइंट. परत्येकीच्या दोन केल्या. किती?"

"सहा."

"मागच्या तीन एका लायनीत घातल्या. म्होरच्या वरच्या दोन एकीत. खालची राहिली एकटी. झाल्या परत तीन. आन् तिथनं पाच गाड्या पाच गावाला. पाच, तीन, सहा, तीन, पाच. डबं मोजल्यागत म्हण."

यार्डातला पॉइंट, म्हणजे रूळ जिथं मिळतात किंवा फुटतात ती जागा, तुम्ही तीस वर्षं सांभाळला होता. तुम्हाला नसांची नावं येत नव्हती. पाच फांद्यांना तुम्ही पाच ठिकाणांची नावं दिलीत: पुणे, सोलापूर, मनमाड, बारामती आणि मालधक्का. करंगळीकडं जाते ती सगळ्यात धाकटी म्हणून बारामती. मी हसले होते. पण त्यानंतर कधी चुकले नाही.

पद्धत साधी होती. हात न थांबवता काढायचं. रोज दहा वेळा, रद्दीच्या कागदावर. आठवडाभरानं डोळे मिटून. मग डाव्या हातानं. मग बॉलपेननं स्वतःच्या तळव्यावर: करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग बारामतीचा, बाकीचं तुमच्या सोलापूरचं. तुम्ही स्वतःचा तळवा पुढं करायचात आणि मी त्यावर रेघा ओढायचे. मामी म्हणायच्या, "आवो, त्या हातानं जेवायचं हाय!"

आणि एक गोष्ट तुम्ही तेव्हाच सांगितली होती. दोन लाइनी एकदम अडल्या तर दोन्हीकडं पळत सुटायचं नाही. त्या जिथं मिळतात तो पॉइंट आधी बघायचा. हे वाक्य मी दर वर्षी मुलांना सांगते, मामा. दर वर्षी! तुमचं नाव मात्र एकदाही घेतलं नाही.

का घेतलं नाही? लाज वाटत होती का? खरं सांगू, हो. कॉलेजात बाकीच्यांचे मामा डॉक्टर होते, प्राध्यापक होते. माझ्या मामांनी मला खडूनं यार्ड काढून शिकवलं, हे सांगायला माझी जीभ रेटायची नाही. मुलं विचारायची, "मॅडम, हे तुम्ही काढलं?" मी हसायचे. हसण्याचा अर्थ हो असाच होतो, हे मला कळत होतं.

मग गेल्या वर्षी तुमचा खांदा दुखायला लागला.

दौंडहून एसटीनं तुम्ही शिरूरला यायचात. उजवा खांदा, दंडाची आतली बाजू आणि करंगळी. माझ्याकडं तेव्हा कारखान्यातल्या कामगारांची ही गर्दी. कुणी "मॅडम, कमर पकड़ लिया" म्हणतोय, कुणाचा गुडघा, कुणाचा अंगठा. तुम्ही बाकड्यावर बसून राहायचात, आधी या, आधी या म्हणत सगळ्यांना पुढं सोडायचात. तुमचा नंबर लागायचा तेव्हा मी दमलेली असायचे. मी मान दाबून बघितली आणि म्हटलं, "मामा, आयुष्यभर पॉइंटचे लिव्हर ओढलेत, मणके झिजलेत. दुसरं काय!"

मानेला ताण दिला, शेक दिला, पट्टा दिला, व्यायाम शिकवले. पाच महिने.

या पाच महिन्यांत तुमच्या हातातून विडी गळायला लागली. शर्टाची बटणं मामी लावायला लागल्या. अंगठ्याच्या बाजूचं मांस वाळत चाललं होतं आणि मी तोच हात हातात घेऊन व्यायाम घेत होते! एकदा तुमची उजवी पापणी अर्धी उतरलेली दिसली. मी काय म्हणाले होते आठवतं? म्हणाले, "काय मामा, रिटायर झालात तरी नाइट ड्युटी सुटली नाही का? एका डोळ्यानं झोपताय!" तुम्ही हसलात. शोभाताई, माझ्या दवाखान्यात नंबर लावतात त्या, त्याही हसल्या.

आणि त्याच आठवड्यात वर्गात मी काय शिकवत होते? ऐका. "मुलांनो, सगळ्यात खालची लाईन फुप्फुसाच्या शेंड्यावरून जाते. खांदा दुखतोय, करंगळी बधिर, हात वाळतोय, पापणी उतरली, असा माणूस आला तर मानेच्या मागं लागू नका. आधी छातीचा फोटो काढा." हेच शब्द. पाठ आहेत मला, दर वर्षी तेच असतात. परीक्षेत हा प्रश्न आला की मी पैकीच्या पैकी गुण देते.

वर्गातलं जाळं कागदावरचं होतं. तुमचा हात मामाचा होता. मला वाटतं एवढंच झालं असेल, पण हे कारण सांगतानासुद्धा माझंच मला पटत नाही.

मग पुण्याची ती कार्यशाळा ठरली. शिक्षकांनी आपापली शिकवायची पद्धत दाखवायची होती. मी तुम्हाला म्हटलं, "मामा, ते यार्ड एकदा स्वच्छ काढून द्या ना." तुमचा हात थरथरतोय हे दिसत असताना म्हटलं! तुम्ही "देतो की" म्हणालात. पुढच्या खेपेला मी एका पेशंटमध्ये अडकले होते, आणि तुमची एसटी निघायची होती. तुम्ही कागद शोभाताईंकडं दिलात. "पोरीला म्हनावं, नीट बघ," एवढाच निरोप.

मी बघितलं. सुरेख काढलं होतंत. मामींनी नंतर सांगितलं, डाव्या हातानं काढलं होतं, मला शिकवलं होतंत तसंच. पण खालच्या दोन लाइनी जिथं मिळतात तिथून करंगळीपर्यंत तुम्ही जाड लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती, आणि मिळायच्या जागी एक फुली. मला वाटलं, म्हाताऱ्याला काय सुचेल नेम नाही! मोबाईलवर फोटो काढला आणि त्यातली ती लाल रेघ पुसून टाकली. दहा मिनिटं लागली. बोटानं घासून घासून पुसली. मग खाली माझं नाव टाकलं.

कार्यशाळेत टाळ्या पडल्या. एका बाईंनी विचारलं, कल्पना कशी सुचली? मी म्हटलं, "गाडीनं ये-जा करायचे, खिडकीतून बघता बघता सुचली." मामा, मी असं म्हणाले. तुम्ही त्या वेळी शिरूरच्या बाकड्यावर माझी वाट बघत बसला होतात.

परत आल्यावर मी तुम्हाला सांगितलं, चित्र सगळ्यांना आवडलं. तुम्ही जरा पुढं सरकलात आणि विचारलंत, "लाल रेघ बघून कोन काय म्हनलं का?"

"ती काढून टाकली मी. चित्र घाण दिसत होतं."

"बरं," तुम्ही म्हणालात. आणि पट्टा लावायला मान पुढं केलीत.

मामा, आता तुमच्यावर थोडं रागावू का? का नाही टेबलावर हात आपटलात? यार्डात एखाद्यानं झेंडी न बघता इंजिन हलवलं तर तुमचा आवाज स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यांना ऐकू यायचा. आणि माझ्यापुढं "बरं"? दोन शिव्या घालायच्या होत्या! मला चाललं असतं. आज फार चाललं असतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. खोकल्यासाठी दौंडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि मला फोन केला. उजव्या फुप्फुसाच्या शेंड्यावर गाठ होती, आणि ती शेंड्यावरून जाणाऱ्या सगळ्यात खालच्या लायनीत शिरली होती. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हाताची तक्रार कधीपासून आहे? मी म्हटलं, पाच महिने. त्यांनी ते लिहून घेतलं. लवकर कळलं असतं तर तुम्ही नक्की वाचला असतात असं कुणी म्हणालं नाही. तसं झालं नसतं असंही कुणी म्हणालं नाही.

तेराव्याला मामी माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "शिरूरास्नं आलं की म्हनायचं, पोरीनं शेकलं, लई बरं वाटलं. मी म्हनायची, आवो, एकदा दुसऱ्याला दावा. तर म्हनायचं, कशाला? तिला समदं ठावं हाय. म्याच तर शिकिवलंय तिला."

त्या मला धीर द्यायला सांगत होत्या. मी उठून मागं गेले आणि हौदापाशी तोंड धूत बसले.

आणि आज हा कागद. फोटो काढून झाल्यावर मी तो तसाच फाईलला लावला होता, त्याची दुसरी बाजू बघायची गरजच पडली नव्हती. डाव्या हातानं लिहिलेल्या, वाकड्या ओळी:

"जयू, तुज्या नकाशात बघून सांग. वरच्या दोन मोकळ्या हायेत. मधली बी चालती. खालच्या दोन आडल्यात. दोन्ही एकदम आडल्यात म्हंजी मानंत न्हाई, जिथं मिळत्यात तितंच कायतरी बसलंय. लाल केलंय. तू बोलली मनकं, तर मनकं आसंल. पन येकदा बघ. पेशंट लई आसत्यात तुला, म्हनून लिवून दिलं."

तुम्ही मला चित्र दिलंच नव्हतं, मामा. तुम्ही मला तुमचा आजार काढून दिला होता. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसानं बोटभर जागा अचूक दाखवली होती, माझ्याच पद्धतीनं. नाही, चुकलं. तुमच्या पद्धतीनं.

माफी मागायला मी हे लिहीत नाही. मागितली तर तुम्ही "बरं" म्हणाल, आणि तो शब्द मला आता सोसायचा नाही.

पण एवढं कबूल करते. कार्यशाळेत ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून ते चित्र घेतलं, त्यांना आज संध्याकाळीच हे खरं चित्र पाठवते, लाल रेघेसकट आणि तुमच्या नावासकट. शिरूरच्या बाकड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला तपासायच्या आधी विचारीन, तुम्हाला काय वाटतं, कुठं अडलंय? आणि तो सांगेल ते पुरतं ऐकून घेईन, मग एसटी त्याची सुटो की माझी.

उद्या फळ्यावर वर लिहीन, "बबनमामांचं यार्ड, दौंड". पाच, तीन, सहा, तीन, पाच. पांढऱ्या खडूनं सगळं काढीन आणि शेवटी लाल खडू घेईन. मुलं विचारणारच, मॅडम, ही रेघ कशाची? मी सांगेन, ही माझ्या मामांनी बरोबर मारली होती, आणि मी पुसली होती.

तुमची,
जयू